पदरचा पैसा आणि पहिले घर

(नांदेड व लातूर जिल्ह्यांतील शिक्षक, शासकीय कर्मचारी आणि ग्रामपंचायत सदस्य यांच्यापुढे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



‘घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून’ ही म्हण आपण सर्वजण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. कामाला हात घातल्याखेरीज खर्चाचा खरा अंदाज येत नाही, असा तिचा आशय आहे. आज मी या म्हणीच्या पूर्वार्धाविषयी बोलणार आहे. आणि त्यातही घर घेण्याच्या किंवा बांधण्याच्या आधीच्या एका अवस्थेविषयी, म्हणजे पहिल्या घरासाठी पदरचा पैसा साठविण्याविषयी.

माहिती अधिकारी या नात्याने शासनाच्या योजना लोकांपर्यंत पोहोचविणे हे माझे काम आहे. हे काम करताना एक गोष्ट वारंवार लक्षात येते. घराचा विषय निघाला की लोक प्रथम विचारतात, “योजना कोणती आहे?” त्यानंतर विचारतात, “कर्ज किती मिळेल?” माझ्या पदरी किती आहे, किती हवे आणि ते कोठे ठेवावे, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. वास्तविक अनुदान असो वा कर्ज, दोन्ही या पदरच्या पैशाची वाट पाहत दाराबाहेर उभी असतात. तो नसेल तर दोन्ही दारावरून परत जातात, आणि तो असून चुकीच्या हाती पडला तर घर आणि पुंजी दोन्ही जातात. म्हणून ही रक्कम मोजावी कशी, सांभाळावी कशी आणि द्यावी केव्हा, या तीन प्रश्नांचा आपण क्रमाने विचार करू.

तीन शब्द, तीन अर्थ

आपल्याकडे या रकमेला सरसकट ‘डिपॉझिट’ म्हणण्याचा प्रघात पडला आहे. त्यामुळे तीन वेगळ्या गोष्टींची गल्लत होते. पहिली गोष्ट अनामत. म्हाडाच्या सोडतीत अर्जासोबत जी रक्कम भरावी लागते ती अनामत होय. सोडतीत नाव न निघाल्यास ती परत मिळते. दुसरी गोष्ट इसार किंवा बयाणा. सौदा ठरल्याची खूण म्हणून खरेदीदार विक्रेत्याला जी रक्कम देतो ती इसार. सौदा मोडल्यास ती परत मिळेल की बुडेल, हे इसारपावतीतील मजकुरावर अवलंबून असते. तिसरी गोष्ट स्वहिस्सा. घराच्या एकूण खर्चापैकी जो भाग बँक देत नाही आणि जो घेणाऱ्याने स्वतः उभा करावयाचा असतो, तो स्वहिस्सा. इसार आणि अनामत या स्वहिस्स्यातूनच जातात. साठवायचा असतो तो स्वहिस्सा. आणि आजच्या व्याख्यानाचा विषयही तोच आहे.

मराठवाड्याची पार्श्वभूमी

आपल्या भागात पूर्वी घरासाठी रोख रक्कम साठविण्याची रीत फारशी नव्हती. गावातील दगड, पांढरी माती, शेतातील लाकूड आणि भावकीचे हात यांवर घर उभे राहत असे. सुगीला थोडे पैसे आले की एक भिंत वाढे, पुढच्या सुगीला माळवद पडे. दगडमातीच्या जाड भिंती आणि मातीचे जड माळवद हीच कुटुंबाची साठवण होती. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरातील भूकंपात ही साठवण माणसांसह मातीत गेली. लातूर आणि तत्कालीन उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव, या दोन जिल्ह्यांतील बावन्न गावांचे नव्या जागी पुनर्वसन करावे लागले. त्यानंतर विटा, सिमेंट आणि लोखंडी सळई यांखेरीज घर बांधू नये, ही भावना खेडोपाडी रुजली. ती योग्यच होती. मात्र हे सारे साहित्य रोखीने विकत घ्यावे लागते.

दुसरा बदल शहरांचा. ऑगस्ट १९८२ मध्ये लातूर स्वतंत्र जिल्हा झाला. १९९४ साली नांदेड येथे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले व लातूर त्याच्या कार्यक्षेत्रात आले. नांदेडला गोदावरीच्या दक्षिण तीरावर सिडकोने नवीन नांदेड वसविले. १९९७ साली नांदेड-वाघाळा महानगरपालिका झाली, तर २०११ साली लातूरला महानगरपालिका मिळाली. मुलांच्या शिक्षणासाठी खेड्यातील कुटुंबे या दोन शहरांत भाड्याने खोल्या घेऊन राहू लागली. भाडे भरता भरता आपले स्वतःचे घर असावे, ही इच्छा प्रत्येकाच्या मनात येते. तिची पूर्तता मात्र हिशोबाने होते.

पहिला प्रश्न: किती?

‘बँक नव्वद टक्के देते, आपण दहा टक्के जमवायचे’ असे सर्वत्र बोलले जाते. हे अर्धे खरे आहे. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार तीस लाखांपर्यंतच्या गृहकर्जात बँकेला घराच्या किमतीच्या जास्तीत जास्त नव्वद टक्के रक्कम देता येते. तीस ते पंचाहत्तर लाखांच्या कर्जात ही मर्यादा ऐंशी टक्के, तर त्यापुढे पंचाहत्तर टक्के आहे. ही कमाल मर्यादा आहे, हक्क नव्हे. अर्जदाराचे उत्पन्न आणि चालू कर्जांचे हप्ते पाहून बँक याहून कमी रक्कमही मंजूर करते. शिवाय मुद्रांक शुल्क व नोंदणी फी या किमतीत धरली जात नाही. दहा लाखांपर्यंतच्या घरालाच त्यात सवलत आहे.

एक उदाहरण घेऊ. नांदेड शहरात पंचवीस लाखांचे तयार घर घ्यावयाचे आहे. बँकेने पूर्ण नव्वद टक्के दिले तर साडेबावीस लाख कर्ज मिळेल आणि अडीच लाख आपले. मुद्रांक शुल्क स्थानिक अधिभारासह सुमारे सहा टक्के, म्हणजे दीड लाख. नोंदणी फी एक टक्का, म्हणजे पंचवीस हजार; ती तीस हजारांपेक्षा अधिक नसते. वकिलाकडून मालकीहक्काचा शोध, बँकेचे शुल्क, वीजजोडणीचे हस्तांतर, सामान हलविणे आणि किरकोळ दुरुस्ती यांसाठी पन्नास हजार बाजूला ठेवावेत. बेरीज चार लाख पंच्याहत्तर हजार झाली. म्हणजे स्वहिस्सा दहा टक्के नसून एकोणीस टक्के आहे. जो गृहस्थ अडीच लाख जमवून सौदा करतो, तो उरलेल्या सव्वादोन लाखांसाठी पतसंस्थेचे किंवा वैयक्तिक कर्ज काढतो आणि घराच्या हप्त्याबरोबर दुसरा हप्ता डोक्यावर घेतो. नोंदणीच्या दिवशी सावकाराचे दार ठोठावणारी कुटुंबे बहुधा याच चुकीच्या बेरजेची बळी असतात.

येथे एक सवलत सांगितली पाहिजे. १ एप्रिल २०२१ पासून निवासी घराची खरेदी केवळ महिलेच्या नावे असल्यास मुद्रांक शुल्कात एक टक्का सूट मिळते. आपल्या उदाहरणात ती पंचवीस हजारांची होते. पतीचे नाव जोडल्यास ही सूट मिळत नाही. घर पत्नीच्या नावे करण्यास ज्यांचे मन कचरते, त्यांनी निदान हा आकडा पाहावा.

प्रधानमंत्री आवास योजना शहरी २.० ही सप्टेंबर २०२४ पासून अमलात आली. तिच्यात पात्र कुटुंबांना गृहकर्जावर व्याज अनुदान आहे. त्याची कमाल रक्कम एक लाख ऐंशी हजार असून ती पाच वार्षिक हप्त्यांत मिळते. योजना उपयुक्त आहे, परंतु हे पैसे कर्ज मिळाल्यानंतर कर्जखात्यात जमा होतात. स्वहिस्सा त्यातून भागत नाही. तो आधीच तयार असावा लागतो.

दुसरा प्रश्न: साठवावे कसे?

पगारदारांसाठी मार्ग सरळ आहे. टपाल खात्याच्या पाच वर्षांच्या आवर्ती ठेवीवर ऑक्टोबर २०२३ पासून ६.७ टक्के व्याजदर लागू झाला. शासन दर तिमाहीला दरांचा आढावा घेते. मात्र खाते उघडतानाचा दर त्या खात्याला पूर्ण मुदतीपर्यंत लागू राहतो. या दराने दरमहा ६,७०० रुपये भरल्यास पाच वर्षांनी सुमारे चार लाख अठ्ठ्याहत्तर हजार रुपये हाती येतात. म्हणजे आपल्या उदाहरणातील स्वहिस्सा पाच वर्षांत उभा राहतो.

परंतु पाच वर्षांत घराची किंमतही जागच्या जागी राहत नाही. ती वर्षाला पाच टक्क्यांनी वाढली असे धरले तर पंचवीस लाखांचे घर सुमारे बत्तीस लाखांचे होईल आणि स्वहिस्सा सहा लाखांवर जाईल. यावर उपाय असा की दरवर्षी वेतनवाढ मिळाली की त्याच महिन्यात आणखी एक हजार रुपयांचे आवर्ती ठेव खाते बँकेत, उरलेल्या मुदतीपुरते, उघडावे. साडेसहा टक्क्यांच्या आसपास व्याज धरले तर सर्व खात्यांची बेरीज सहा लाख दहा हजारांच्या घरात जाते. वाढलेला पगार घरखर्चात मिसळण्यापूर्वीच बाजूला काढणे, एवढीच यातील शिस्त आहे.

या बचतीचा आणखी एक लाभ आहे. साडेबावीस लाखांचे कर्ज वीस वर्षांसाठी साडेआठ टक्क्यांनी घेतल्यास महिन्याचा हप्ता सुमारे साडेएकोणीस हजार होतो. आज भाडे सात हजार देत असाल, तर भाडे आणि बचत मिळून साडेएकोणीस हजार दरमहा बाजूला काढून पाहा. वर्षभर हे जमले तर हप्ता झेपेल. जमले नाही तर घर लहान घ्यावे किंवा वाट पाहावी, हे कर्ज काढण्यापूर्वीच कळेल. बचतीची वर्षे ही हप्त्याची रंगीत तालीम असते.

शिक्षक व कर्मचारी मित्रांना भविष्य निर्वाह निधीचाही आधार असतो. १ नोव्हेंबर २००५ पूर्वी सेवेत आलेल्यांना घरासाठी त्या निधीतून रक्कम काढता येते. त्यानंतर सेवेत येऊन राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजनेत समाविष्ट झालेल्यांना पहिल्या घरासाठी स्वतःच्या अंशदानाच्या पंचवीस टक्क्यांपर्यंत रक्कम काढण्याची तरतूद आहे. ही म्हातारपणाची शिदोरी आहे. घरासाठी तिच्यातला घास घ्यावा, पण शिदोरीच रिकामी करू नये.

शेतकऱ्याची गोष्ट वेगळी आहे. त्याचा पैसा महिन्याला येत नाही. सोयाबीन दिवाळीच्या सुमारास येते, तूर त्यानंतर, उसाचे बिल कारखान्याच्या वेळापत्रकाप्रमाणे. त्याला आवर्ती ठेवीपेक्षा मुदत ठेव किंवा राष्ट्रीय बचत पत्र सोयीचे. पट्टी हाती आल्याच्या आठवड्यात ठरलेला भाग मुदत ठेवीत टाकावा. उरलेल्या पैशातून बी-बियाणे आणि लग्नकार्याचा विचार करावा. क्रम उलटा झाला की घराची पाळी येतच नाही. आणि या भागात वर्ष सारखे नसते. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. २०२५ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात अतिवृष्टीने उभी पिके वाहून नेली. म्हणून अडचणीच्या वर्षासाठी वेगळी छोटी रक्कम असावी. तसे नसेल तर पहिल्या दुष्काळात घराची ठेव मोडली जाते.

भिशी आणि बचत गट यांचाही उल्लेख करावयास हवा. दहा-वीस जणांनी दरमहा ठरावीक रक्कम काढायची आणि पाळीपाळीने एकाने उचलायची, ही भिशीची रीत आपल्या ओळखीची आहे. गंमत अशी की पाश्चात्त्य गृहकर्ज संस्थांचा उगम याच रीतीत आहे. १७७५ साली इंग्लंडमधील बर्मिंगहॅम शहरात रिचर्ड केटली नावाच्या खानावळवाल्याकडे जमणाऱ्या मंडळींनी अशी संस्था काढली. सभासदांनी दरमहा वर्गणी द्यायची, एकेकाला पाळीने घर मिळायचे, आणि सर्वांना घर मिळाले की संस्था बंद. आपल्याकडेही राष्ट्रीय गृहनिर्माण बँकेने १९८९ साली आधी काही वर्षे बचत आणि मग कर्ज, अशी गृहकर्ज खाते योजना काढली होती. पुढे ती बंद झाली. तत्त्व मात्र आजही खरे आहे: जो नियमाने साठवितो तोच नियमाने फेडतो. मात्र आपल्याकडील बहुतेक भिश्या नोंदणीकृत नसतात. पाळी उचलून एखादा गाव सोडून गेला तर दाद मागणे कठीण जाते. भिशीतून फ्रीज घ्यावा, घराचा स्वहिस्सा तिच्यात गुंतवू नये. महिला बचत गटाचे खाते बँकेत असते, दर बैठकीला हिशोब वाचला जातो. गावातील भगिनींसाठी तो अधिक भरवशाचा मार्ग आहे.

ठेव कोठे ठेवावी?

साठविण्याइतकेच महत्त्वाचे आहे ते सांभाळणे. बँकेतील ठेवीला ठेव विमा महामंडळाचे संरक्षण असते आणि ४ फेब्रुवारी २०२० पासून त्याची मर्यादा एका बँकेत एका ठेवीदारामागे पाच लाख रुपये आहे. राष्ट्रीयीकृत, ग्रामीण आणि सहकारी अशा बँकांना ते लागू आहे. नांदेड येथे १९७६ साली स्थापन झालेल्या मराठवाडा ग्रामीण बँकेमुळे बँकेची पायरी खेड्यातील माणसाच्या परिचयाची झाली. ती बँक पुढे महाराष्ट्र ग्रामीण बँकेत विलीन झाली. टपाल खात्यातील ठेवीमागे तर केंद्र शासन उभे असते.

पतसंस्था व बहुराज्य पतसंस्था यांतील ठेवींना हे विमा संरक्षण नाही, ही गोष्ट आपल्यापैकी अनेकांना ठाऊक नसते. फलकावर ‘बँक’ सदृश अक्षरे, काचेचा दरवाजा आणि राष्ट्रीयीकृत बँकेपेक्षा तीन-चार टक्के अधिक व्याज, एवढ्यावर विश्वास ठेवून मुलीचे लग्न आणि घराचा पैसा तेथे ठेवला जातो. अलीकडच्या वर्षांत मराठवाड्यात अशा काही संस्थांचे दरवाजे एका सकाळी बंद झाले आणि निवृत्त शिक्षक, शेतकरी, विधवा भगिनी रांगेत उभ्या राहिल्या. ठेवीदारांच्या संरक्षणासाठी १९९९ चा राज्याचा कायदा आहे, अनियंत्रित ठेव योजनांवर बंदी घालणारा २०१९ चा केंद्राचा कायदा आहे. त्यांखाली मालमत्ता जप्त होते. पण जप्ती, लिलाव आणि वाटप यांत वर्षे जातात, आणि तोवर घराचे स्वप्न पाहणाऱ्याचे वय निघून जाते. जादा व्याजाचे दोन टक्के मिळविण्यासाठी मुद्दल पणाला लावू नये. घराच्या पैशाला व्याज थोडे कमी मिळाले तरी चालेल; तो मागितल्या दिवशी मिळाला पाहिजे.

तिसरा प्रश्न: द्यावा केव्हा?

आपल्या दोन्ही शहरांच्या कडेला माणूस बहुधा आधी प्लॉट घेतो आणि मग घर बांधतो. सर्वाधिक पुंजी बुडते ती येथे. शेतजमिनीचे गुंठे पाडून बाँडपेपरवर नोटरी करून प्लॉट विकले जातात. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम १८८२ प्रमाणे शंभर रुपये व त्याहून अधिक किमतीच्या स्थावराची विक्री नोंदणीकृत दस्तानेच होते. नोटरीच्या शिक्क्याने मालकी येत नाही. पैसे देऊन पंधरा वर्षे कर भरला, झोपडी बांधली, तरी सातबाऱ्यावर मूळ मालकाचेच नाव राहते, आणि बँक अशा जागेवर कर्ज देत नाही. २००१ च्या गुंठेवारी अधिनियमाने आणि त्यातील २०२१ च्या सुधारणेने विशिष्ट तारखेपूर्वीच्या अशा वसाहती नियमित करण्याची वाट काढली आहे. परंतु नियमितीकरण हा जुन्या दुखण्यावरचा उपाय आहे. नवे दुखणे विकत घेण्याचा परवाना नव्हे.

म्हणून इसार देण्यापूर्वी चार कागद पाहावेत. पहिला, डिजिटल स्वाक्षरीचा ताजा सातबारा किंवा मिळकत पत्रिका. दुसरा, अकृषिक परवानगी आणि मंजूर अभिन्यासाचा नकाशा. तिसरा, तीस वर्षांच्या नोंदींचा वकिलाने दिलेला शोध अहवाल. मराठवाड्यात त्याला १९५४-५५ च्या खासरा पाहणी पत्रकाची जोड द्यावी लागते. कारण जमीन मदतमाश, खिदमतमाश अशा इनामाची असेल तर तिच्या हस्तांतरावर बंधने असतात, आणि ही गोष्ट अनेकदा जुन्या पत्रकातच सापडते. चौथा, महारेराचा नोंदणी क्रमांक. पाचशे चौरस मीटरपेक्षा मोठ्या किंवा आठांहून अधिक सदनिकांच्या प्रकल्पाला ही नोंदणी सर्वसाधारणपणे आवश्यक आहे. महारेराचे काम १ मे २०१७ पासून सुरू झाले. त्या कायद्यानुसार नोंदणीकृत करारनामा केल्याशिवाय विकासकाला किमतीच्या दहा टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही, आणि ग्राहकांकडून आलेल्या पैशापैकी सत्तर टक्के स्वतंत्र खात्यात ठेवावे लागतात. ‘आज वीस टक्के भरा, करार पुढच्या महिन्यात करू’ असे कोणी म्हणाले, तर तेथून उठावे.

इसार धनादेशाने किंवा बँकेमार्फत द्यावा. स्थावराच्या व्यवहारात वीस हजार व त्याहून अधिक रक्कम रोखीने आगाऊ घेण्यास आयकर कायद्याची मनाई आहे. कागदावर किंमत कमी दाखवून उरलेली रक्कम रोख मागणारे अनेक भेटतात. अशा सौद्यात बँक कागदावरील किमतीवरच कर्ज देते आणि स्वहिस्सा फुगत जातो. इसारपावतीत ‘कर्ज मंजूर न झाल्यास किंवा मालकीहक्कात दोष आढळल्यास इसार परत’ हे वाक्य असलेच पाहिजे. हे एक वाक्य पाच वर्षांची बचत वाचवू शकते.

घरकुलाचा लाभार्थी आणि ग्रामपंचायत

आता पंचायत सदस्यांसाठी. प्रधानमंत्री आवास योजना ग्रामीणमध्ये सपाट प्रदेशात एक लाख वीस हजार रुपये मिळतात, त्याशिवाय रोजगार हमीतून नव्वद दिवसांची मजुरी आणि शौचालयासाठी बारा हजार. २०२५ मध्ये राज्य शासनाने या साहाय्यात पन्नास हजारांची भर जाहीर केली. ही रक्कम एकदम मिळत नाही. जोते, भिंती, छत अशा टप्प्यांवर हप्ते येतात. एक टप्पा पूर्ण झाल्याखेरीज पुढचा हप्ता नाही. म्हणून पदरी थोडी रक्कम नसलेले कुटुंब जोत्यापर्यंत पोहोचून थांबते, पावसाळा येतो, आणि मग सावकाराकडून घेतलेल्या पैशाचे व्याज अनुदानाचा लाभ खाऊन टाकते. मंजुरी यादीत नाव येण्याची चिन्हे दिसताच त्या कुटुंबाला बचत खात्याकडे वळविणे, हे सदस्याचे काम आहे.

घरासाठी स्वहिस्सा मागणे म्हणजे गरिबावर ओझे टाकणे नव्हे. २००५ साली सुरू झालेल्या जवाहरलाल नेहरू नागरी पुनरुत्थान अभियानात नांदेडचा समावेश होता. त्यातील शहरी गरिबांच्या घरांसाठीची मार्गदर्शक तत्त्वे स्पष्ट होती: घर विनामूल्य देऊ नये, लाभार्थ्याचा हिस्सा किमान बारा टक्के, आणि अनुसूचित जाती-जमाती, मागासवर्ग व अपंग यांच्यासाठी दहा टक्के असावा. ज्या भिंतीत आपले पैसे आहेत तिच्यावर माणूस पाणीही नीट मारतो आणि कामाची चौकशीही करतो. मात्र हा हिस्सा जमविण्यास त्याला पुरेसा काळ आणि सुरक्षित जागा मिळाली पाहिजे. तेवढे आपण करू शकतो.

ज्यांना जागाच नाही त्यांच्यासाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय घरकुल जागा खरेदी अर्थसाहाय्य योजना आहे. गावठाणातील घरांसाठी एप्रिल २०२० मध्ये सुरू झालेल्या स्वामित्व योजनेतून मिळकत पत्रिका मिळू लागल्या आहेत. त्यामुळे पूर्वी केवळ ग्रामपंचायतीच्या नमुना आठवर असलेले घर आता बँकेपुढे तारण म्हणून ठेवता येण्याची शक्यता निर्माण झाली आहे. नमुना आठ हा कराचा उतारा आहे, मालकीचा पुरावा नव्हे, हे गावाला सांगितले पाहिजे. ग्रामपंचायतीच्या नोंदीत घर पती-पत्नी दोघांच्या नावे असावे, असे राज्य शासनाचे धोरण आहे. तेही ग्रामसभेत वाचून दाखवावे.

आपले कर्तव्य

मित्रहो, शेवटी तीन विनंत्या करतो. शिक्षकांनी आठवी-नववीच्या वर्गात चक्रवाढ व्याज शिकविताना स्वहिस्स्याचा हा हिशोब फळ्यावर मांडावा. मुले तो घरी नेतील. ग्रामपंचायत सदस्यांनी गावाच्या हद्दीतील कोणता अभिन्यास मंजूर आहे आणि कोणता नाही, याची यादी ग्राम महसूल अधिकाऱ्यांकडून घेऊन चावडीवर लावावी. एका फलकाने अनेकांचा इसार वाचेल. आणि कार्यालयातील बंधूंनी, एखादा अडाणी माणूस कागद दाखवावयास आला तर त्याला दुसऱ्या खिडकीकडे न पाठविता पाच मिनिटे तो कागद वाचून दाखवावा. त्याच्या हातातील पिशवीत बहुधा पाच-दहा वर्षांची बचत असते.

घर बांधणे ही कुटुंबाची बाब असली, तरी घराचा पैसा सुरक्षित राहील अशी व्यवस्था करणे ही आपणां सर्वांची बाब आहे. नीट मोजलेली, सुरक्षित जागी ठेवलेली आणि कागद पाहिल्यानंतरच दिलेली रक्कम कुटुंबाला घरात नेते. आपण येथून परत गेल्यावर आपापल्या गावी किमान एका कुटुंबाला एवढे समजावून सांगितले, तर आजचा वेळ सत्कारणी लागला असे मी समजेन.